दुसरी चिठ्ठी

श्रोते मंडळी, निवडणूक जवळ आली की आपल्याकडे एक प्रश्न हमखास कानी येतो, "यंदा हवा कोणाची?" लाखनीच्या बाजारात धानाचा भाव विचारून झाला की माणूस हळूच हेही विचारतो. साकोलीच्या बसथांब्यावर, पवनीच्या घाटावर, तुमसरला धान घेऊन आलेल्या गाडीवानांत आणि शाळेच्या ओट्यावर बसलेल्या गुरुजींतही तोच प्रश्न. आणि उत्तर देणाराही मोठ्या खात्रीने सांगतो, "अमुक गाव सगळं त्यांचं हो! तमक्या मोहल्ल्यातलं एक मत इकडचं तिकडे व्हायचं नाही."

हे ऐकलं की वाटतं, गाव म्हणजे जणू धानाचं पोतं. एकदा तोंड शिवलं की आतले सगळे दाणे एकाच घरी जायचे. पण मंडळी, खरोखर तसं असतं का? गावाचा कल असा एका शब्दात सांगता येतो का? हे तपासायला दूर जायला नको. आपल्या भंडारा जिल्ह्यातच १९५४ साली एक पोटनिवडणूक झाली. त्या निवडणुकीत प्रत्येक मतदाराच्या हाती एक नव्हे, दोन चिठ्ठ्या पडल्या होत्या. त्यांपैकी दुसऱ्या चिठ्ठीचं काय झालं, ते आज पाहू. हिशोब थोडा आहे, पण पाटी-लेखणी घेऊन बसलात तर तिसरी-चौथीच्या मुलालाही जमेल.

पहिल्यांदा काळ डोळ्यांपुढे आणा. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर. १९५६ च्या नोव्हेंबरात जिल्हा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. गोंदियाचा मुलूखही त्या वेळी भंडाऱ्यातच होता. तो वेगळा जिल्हा झाला १९९९ साली. मालगुजारी नुकतीच, १९५१ मध्ये, संपली होती. ज्या मालगुजाराच्या दारात कालपर्यंत पायातली वहाण काढून उभं राहावं लागे, त्याच्या आणि त्याच्या सालदाराच्या मताची किंमत आता सारखी झाली होती. एकवीस वर्षांच्या वरच्या प्रत्येक बाईला आणि बुवाला मत. हा बदल केवढा मोठा, याची कल्पना आज आपल्याला येणं कठीण आहे.

पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१ च्या अखेरीपासून १९५२ च्या आरंभापर्यंत चालली. वाचता न येणारे मतदार फार, म्हणून उमेदवाराचं नाव वाचण्याचं कामच ठेवलं नव्हतं. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी, तिच्यावर त्याचं चिन्ह. काँग्रेसची बैलजोडी, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती, अशी चिन्हं. मतदाराने चिठ्ठी घ्यायची, पडद्याआड जायचं आणि पसंतीच्या पेटीत ती टाकून यायचं. शिक्का मारायचा नाही, खूण करायची नाही.

आता गंमत पाहा. त्या वेळी देशात ८६ लोकसभा मतदारसंघ असे होते, की जिथून एक नव्हे, दोन खासदार निवडायचे. भंडारा त्यांपैकी एक. दोन जागांपैकी एक अनुसूचित जातींसाठी राखीव, दुसरी सर्वसाधारण. मतदार मात्र सगळे एकच. म्हणजे राखीव जागेसाठी वेगळी यादी नाही, वेगळा मोहल्ला नाही. प्रत्येकाच्या हाती दोन चिठ्ठ्या. दोन्ही एकाच उमेदवाराला द्यायच्या नाहीत, हा नियम. दोन्ही चुकून एकाच पेटीत पडल्या तर एक धरली जाई, दुसरी बाद होई.

मोजणीचा नियम नीट ध्यानात ठेवा, पुढचा सगळा उलगडा त्यावर आहे. आधी राखीव जागा भरायची. अनुसूचित जातींच्या उमेदवारांत ज्याला सर्वांत जास्त मतं, तो त्या जागेवर निवडून आला. मग उरलेले सगळे उमेदवार एका ओळीत उभे करायचे, त्यांत हरिजन-सवर्ण असा भेद नाही, आणि ज्याला सर्वांत जास्त मतं त्याला दुसरी जागा. म्हणजे राखीव जागा हुकलेला उमेदवारसुद्धा मतं भरपूर असतील तर दुसऱ्या जागेवर निवडून येऊ शके.

१९५२ मध्ये भंडाऱ्यातून काँग्रेसचे दोघे निवडून आले. सर्वसाधारण जागेवर चतुर्भुज विठ्ठलदास जसानी आणि राखीव जागेवर तुळाराम साखरे. पण ही निवडणूक टिकली नाही. तिच्याविरुद्ध अर्ज झाला, प्रकरण निवडणूक न्यायाधिकरणापुढून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि ९ फेब्रुवारी १९५४ रोजी निकाल लागला. त्यातले दोन मुद्दे आपल्या मातीतलेच आहेत.

पहिला मुद्दा बिडीचा. जसानी हे मूलजी सिक्का या बिडीच्या पेढीचे भागीदार होते. ही पेढी लष्कराच्या कॅन्टीनसाठी सरकारला बिड्या पुरवीत असे. सरकारला माल पुरवण्याच्या करारात ज्याचा हितसंबंध आहे, त्याला त्या वेळच्या कायद्याने उमेदवारी करता येत नव्हती. कारण उघड आहे. सरकारशी ज्याचा व्यवहार, तो लोकसभेत बसून सरकारला जाब कसा विचारणार? ज्या बिडीवर आपल्याकडच्या हजारो घरांची चूल पेटे, तिनेच एक खासदारकी घालवली!

दुसरा मुद्दा जातीचा. गंगाराम ठवरे नावाच्या गृहस्थांनी राखीव जागेसाठी अर्ज भरला होता. तो नामंजूर झाला, कारण ते महानुभाव पंथाचे. महानुभाव पंथ चक्रधर स्वामींचा, जातिभेद न मानणारा. मग पंथात गेलेला महार हा महार राहिला का, असा आक्षेप. न्यायमूर्ती विव्हियन बोस हे पूर्वी नागपूरच्या उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती होते. त्यांनी लिहिलेल्या निकालपत्रात सांगितलं, की अशा वेळी तीन गोष्टी पाहाव्यात. जुन्या समाजाने त्या माणसाला बाहेर टाकलं आहे का? त्या माणसाचा स्वतःचा हेतू काय? आणि नव्या पंथाचे नियम काय म्हणतात? ठवरे यांना जातीने टाकलं नव्हतं आणि त्यांनीही जातीशी संबंध तोडला नव्हता. तेव्हा त्यांचा अर्ज नाकारणं चूक ठरलं. अशा रीतीने ती निवडणूक रद्द झाली आणि दोन्ही जागा रिकाम्या झाल्या.

आता पोटनिवडणुकीला राखीव जागेसाठी उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

बाबासाहेबांची ती दुसरी लढत. १९५१ मध्ये त्यांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. १९५२ मध्ये ते उत्तर मुंबईतून उभे राहिले आणि काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरले. तिथेही दोन जागांचाच मतदारसंघ होता आणि सर्वसाधारण जागेवर समाजवादी पक्षाचे अशोक मेहता त्यांचे जोडीदार होते. तेही हरले. त्या निवडणुकीत सत्तर हजारांहून अधिक मतं बाद झाली. मतं मुद्दाम कुजवण्याचा प्रचार झाला, अशी दोघांनी तक्रार केली. ती तक्रार फेटाळली गेली.

'मत कुजवणे' हा शब्द मराठीत याच दोन चिठ्ठ्यांच्या काळात रूढ झाला. धानाचं बी पाण्यात जास्त राहिलं की कुजतं, उगवत नाही. तसं एक चिठ्ठी आपल्या माणसाला द्यायची आणि दुसरी कुणालाच द्यायची नाही. खिशात घालून घरी न्यायची, नाही तर पहिलीसोबतच त्याच पेटीत टाकून बाद करायची. हेच मत कुजवणं.

तर १९५४ च्या एप्रिलात बाबासाहेब भंडारा जिल्ह्यात प्रचाराला फिरले. सर्वसाधारण जागेवर पुन्हा अशोक मेहता, या वेळी प्रजा समाजवादी पक्षातर्फे. काँग्रेसचे राखीव जागेचे उमेदवार होते भाऊराव बोरकर. मेच्या आरंभी मतदान झालं. मेमधलं आपलं ऊन तुम्हांला सांगायला नको. मोहफुलं वेचून संपलेली, तेंदूची पानं तोडण्याचा हंगाम, बोड्यांच्या तळाला चिखल उरलेला. अशा दिवसांत माणसं रांगा लावून उभी राहिली.

निकाल लागला. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता विजयी. राखीव जागेवर भाऊराव बोरकर विजयी. बाबासाहेब आठ हजारांहून अधिक मतांनी हरले.

थांबा, इथेच थोडं थांबा. जोडीने उभे असलेल्या दोघांपैकी एक जिंकला, एक हरला. हे कसं झालं? पारावर बसून याची कारणं पुष्कळ सांगता येतील. आपण मात्र हिशोब करू. गुरुजी, फळ्यावर लिहा.

समजा, एक गाव आहे, मतदार शंभर. म्हणजे चिठ्ठ्या दोनशे. उमेदवार चार. दिवा आणि पाटी ही एक जोडी. घागर आणि सूप ही दुसरी जोडी. यांपैकी दिवा आणि घागर राखीव जागेचे. गावात ४० माणसं दिव्याची, १८ माणसं पाटीची आणि ४२ माणसं घागर-सूप या जोडीची.

पहिला प्रकार. दिवा आणि पाटीची माणसं एकमेकांना मनापासून मतं देतात. दिवा ५८, पाटी ५८, घागर ४२, सूप ४२. दिव्याला राखीव जागा, पाटीला दुसरी. जोडी जिंकली.

दुसरा प्रकार. दिव्याच्या ४० माणसांनी दुसरी चिठ्ठी पाटीला दिली. पण पाटीच्या १८ माणसांपैकी फक्त ६ जणांनी दुसरी चिठ्ठी दिव्याला दिली. बाकीच्या १२ जणांनी पहिली पाटीला आणि दुसरी घागरीला दिली. आता मोजा. दिवा ४६, घागर ५४. राखीव जागा घागरीला गेली. उरले तिघे, दिवा ४६, पाटी ५८, सूप ४२. दुसरी जागा पाटीला. दोनशे चिठ्ठ्यांची बेरीज जुळते की नाही, मुलांकडून करवून घ्या.

हा दुसरा प्रकार भंडाऱ्याच्या घडणीचा आहे. आकडे आपले कल्पनेतले, पण घडण तीच. दुसऱ्या जागेवर मेहता आले, त्या अर्थी त्यांची मतं बाबासाहेबांहून जास्त होती. नियमच तसा आहे. मग हेही सिद्ध झालं, की पुष्कळ मतदारांनी एक चिठ्ठी मेहतांच्या पेटीत टाकली आणि दुसरी बाबासाहेबांच्या पेटीत टाकली नाही. यात ऐकीव काही नाही, ही नुसती वजाबाकी आहे.

आता तिसरा प्रकार, आणि हाच खरा महत्त्वाचा. दिव्याच्या ४० माणसांना आधीच वास लागला, की पाटीवाले काही आपल्याला पुरी साथ देत नाहीत. त्यांनी ठरवलं, आपण दुसरी चिठ्ठी कुजवू. पाटीला द्यायची नाही. मग काय होईल? दिवा ४६, घागर ५४. राखीव जागा घागरीचीच. पण उरलेल्यांत दिवा ४६, सूप ४२ आणि पाटी फक्त १८. दुसरी जागा दिव्याला! म्हणजे चाळीस चिठ्ठ्या कुजवून दिवा निवडून आला आणि त्याचा जोडीदार बुडाला.

पाहिलंत? मत कुजवण्यात फायदा होता. खराखुरा फायदा होता. हा हिशोब तुम्हांला-आम्हांला फळ्यावर कळतो, तर रात्रंदिवस सायकलीवर फिरणाऱ्या कार्यकर्त्यांना कळला नसेल का? जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणींत सांगतात, की काहींनी बाबासाहेबांना तसं सुचवलंही होतं. दुसरं मत कुजवायला सांगा, म्हणजे तुमची जागा पक्की होते. बाबासाहेबांनी ते साफ नाकारलं. ज्याने राज्यघटना लिहिली, त्यानेच लोकांना मत वाया घालवायला सांगायचं, हे त्यांना पटणारं नव्हतं. दोन्ही मतं द्या आणि दुसरं मेहतांना द्या, हाच त्यांचा सांगावा राहिला. लोकांनी तो पाळला. मेहता निवडून आले. बाबासाहेब हरले.

त्या वेळी बाबासाहेब राज्यसभेचे सदस्य होते आणि ६ डिसेंबर १९५६ ला त्यांचं निधन झालं तोवर ते तिथेच राहिले. लोकसभेत ते कधीच निवडून गेले नाहीत.

मंडळी, या गोष्टीकडे दोन तऱ्हेने पाहता येतं. एक तऱ्हा म्हणजे हळहळ. एवढा मोठा माणूस आपल्या जिल्ह्यात आला आणि आपण त्याला परत पाठवलं. ही हळहळ खोटी नाही. पण त्यात थोडी सोय आहे. 'लोकांनी' पाडलं म्हटलं की कुणाला आपल्याकडे पाहावं लागत नाही.

दुसरी तऱ्हा म्हणजे त्या बारा माणसांचा विचार करणं. पाटीला मत देणारी आणि दिव्याला न देणारी ती बारा माणसं. ती काँग्रेसची आंधळी भक्त नव्हती. तशी असती तर पाटीला मत दिलंच नसतं. त्यांना बदल हवा होता. ती नव्या विचाराची सभा ऐकून, टाळ्या वाजवून घरी आलेली होती. पण दुसरी चिठ्ठी हातात आली तेव्हा हात थबकला. कुणाला बोरकर अधिक जवळचे वाटले असतील, कुणाला बैलजोडीची सवय मोडवली नसेल. आणि कुणाच्या मनात हेही आलं असेल, की राखीव जागा ही 'त्यांची' जागा, तिथे आपल्याला उलटून बोलणारा नको, गरीब गाय असावी. हे शेवटचं कारण कितीजणांचं, ते चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. पण ते कुणाचंच नव्हतं, असं छातीवर हात ठेवून म्हणता येईल का? आपापल्या गावची विहीर, आपापल्या गावचं देऊळ आठवून ज्याचं त्याने उत्तर द्यावं.

म्हणून मी म्हणतो, पहिली चिठ्ठी सांगे की माणूस कोणाच्या बाजूचा आहे. दुसरी चिठ्ठी सांगे की तो दुसऱ्याला आपला मानतो का. १९५४ साली ज्यांच्याकडे गावकुसाबाहेरचे म्हणून पाहिलं जाई, त्यांनी दुसरी चिठ्ठी इमानाने जोडीदाराला दिली. ज्यांच्याकडून साथ यायची होती, त्यांच्यातल्या काहींची आली नाही.

दोन चिठ्ठ्यांची ही पद्धत पुढे फार दिवस टिकली नाही. १९५७ च्या निवडणुकीत आंध्रातल्या पार्वतीपुरम मतदारसंघात उलटाच प्रकार झाला. तिथे एक जागा आदिवासींसाठी राखीव होती. मोजणी झाली तेव्हा दोन्ही जागांवर आदिवासी उमेदवारच निवडून आले, कारण उरलेल्या उमेदवारांतही आदिवासी उमेदवाराचीच मतं जास्त भरली. हरले ते व्ही. व्ही. गिरी, जे पुढे १९६९ मध्ये राष्ट्रपती झाले. ते न्यायालयात गेले, पण १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने नियम बरोबर आहे असंच सांगितलं. त्यानंतर १९६१ मध्ये कायदा करून दोन जागांचे मतदारसंघच बंद केले. राखीव मतदारसंघ वेगळे झाले आणि मतदाराच्या हाती एकच चिठ्ठी उरली. कारभार सोपा झाला यात शंका नाही. पण ती दुसऱ्या चिठ्ठीची कसोटीही त्याबरोबर गेली.

आता पुढचा प्रवास थोडक्यात पाहू, म्हणजे 'हवा कोणाची' या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळेल. १९५७ मध्ये भंडाऱ्याच्या दोन्ही जागा काँग्रेसला मिळाल्या. १९६२ मध्येही काँग्रेस. १९६७ मध्ये पुन्हा अशोक मेहता आले, पण या वेळी काँग्रेसचे म्हणून. दरम्यान त्यांनीच पक्ष बदलला होता! १९७७ मध्ये जनता पक्षाचे लक्ष्मणराव मानकर गुरुजी. शिक्षणसंस्था उभारणारा हा माणूस, शिक्षक मंडळींना विशेष जवळचा. १९८० आणि १९८४ मध्ये काँग्रेसचे केशवराव पारधी. १९८९ मध्ये भारतीय जनता पक्षाचे खुशाल बोपचे. १९९१, १९९६ आणि १९९८ मध्ये काँग्रेसचे प्रफुल्ल पटेल. १९९९ आणि २००४ मध्ये पुन्हा भारतीय जनता पक्ष, चुन्नीलाल ठाकूर आणि शिशुपाल पटले. २००९ पासून मतदारसंघाचं नाव भंडारा-गोंदिया झालं आणि राष्ट्रवादी काँग्रेसतर्फे प्रफुल्ल पटेल आले. २०१४ मध्ये भारतीय जनता पक्षाचे नाना पटोले. त्यांनी राजीनामा दिला म्हणून २०१८ च्या मे महिन्यात पोटनिवडणूक झाली. पुन्हा मे, पुन्हा तेच ऊन. यंत्रं बिघडली म्हणून ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं आणि राष्ट्रवादीचे मधुकर कुकडे निवडून आले. २०१९ मध्ये भारतीय जनता पक्षाचे सुनील मेंढे आणि २०२४ मध्ये काँग्रेसचे प्रशांत पडोळे.

ही यादी पाठ करायची नाही. फक्त एक गोष्ट टिपून ठेवा. २००४ नंतर २०२४ पर्यंत लोकसभेसाठी पाच वेळा मतदान झालं, आणि पाचही वेळा इथल्या मतदाराने आधीचा पक्ष बदलला. आता सांगा, अमुक मुलूख अमक्याचा, हे कुठे राहिलं?

मग गावाचा कल म्हणजे असतो तरी काय? माझ्या मते तो एकाच धाग्याचा नसतो. एकाच घरात पाहा. बापाला धानाच्या हमीभावाची आणि बोनसची काळजी. मुलगा नागपूरला कामाला, त्याला नोकरीचा प्रश्न. बिड्या वळून घराला हातभार लावलेल्या म्हातारीला मजुरीची आठवण. पवनीकडे गोसेखुर्द धरणाखाली ज्यांचं घरदार गेलं, त्यांचा हिशोब निराळा. १९८८ मध्ये त्या धरणाची कोनशिला बसली, तेव्हा जन्मलेली मुलं आता पोराबाळांची झाली. तलावाच्या खालच्या बांधीचा मालक आणि वरच्या कोरडवाहूचा मालक एकाच जातीचे असतील, पण पाण्याचा प्रश्न निघाला की दोघांचे सूर जुळत नाहीत. या सगळ्यांवर जातीचा, पक्षाच्या जुन्या सवयीचा, उमेदवाराच्या ओळखीचा थर असतो. यातला कोणता धागा कोणत्या वेळी वर येईल, त्यावर कौल ठरतो. म्हणून ग्रामपंचायतीला एक, विधानसभेला दुसरा आणि लोकसभेला तिसरा पक्ष, असंही एकाच गावात घडतं. आणि त्यात विसंगत काही नाही. ग्रामपंचायतीत नळाचा प्रश्न असतो, लोकसभेत देशाचा.

ज्याला हे कळलं, तो 'सगळं गाव त्यांचं' असं बोलणार नाही. हे बोलणं निरुपद्रवी नाही, बरं का. गाव 'आपलं'च आहे असं समजलं की पुढारी त्या गावात येईनासा होतो. 'त्यांचं'च आहे असं समजलं की रस्ता, दिवाबत्ती मागे राहते. आणि गावातल्या एखाद्या मोहल्ल्यावर शिक्का बसला, की निकालानंतर त्या मोहल्ल्याकडे लोक वेगळ्या नजरेने पाहू लागतात. मत गुप्त असतं ते उगीच नव्हे. ज्याला दुसऱ्याच्या विहिरीवर पाणी भरायचं आहे, दुसऱ्याच्या बांधीत रोवणीला जायचं आहे, त्याच्या पोटाचं रक्षण त्या गुप्ततेने होतं. तेव्हा 'तू कोणाला दिलंस?' असं शेजाऱ्याला विचारू नये. विचारलं तर सांगू नये.

शिक्षक बंधु-भगिनींना एक विनंती. मतदान केंद्रावर आपणच अधिकारी म्हणून बसता. आदल्या दिवशी यंत्रं घेऊन शाळेत मुक्कामाला जाता, दुसऱ्या दिवशी पहाटेपासून रात्रीपर्यंत त्या खुर्चीवरून हलत नाही. हा कारभार किती काटेकोर असतो, ते आपल्याइतकं कुणाला ठाऊक नाही. वर्गातल्या मुलांना ते सांगा. आणि दिवा, पाटी, घागर, सूप यांचं ते गणित एकदा फळ्यावर जरूर घ्या. चिठ्ठ्यांसाठी वहीचे कागद, पेट्यांसाठी चार डबे, एवढ्यावर भागतं. मुलांना तीनही प्रकार करून पाहू द्या. तिसऱ्या प्रकाराला आलात की थांबा आणि विचारा, "तुम्ही दिव्याच्या जागी असता तर काय केलं असतं?" उत्तर सांगू नका. वाद होऊ द्या. वर्ग तापला तरी चालेल. नागरिकशास्त्राचा धडा एरवी एवढा जिवंत होत नाही.

आणि श्रोते मंडळी, आपल्यासाठीही एक गोष्ट. आज भंडारा आणि अर्जुनी-मोरगाव हे विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. तिथले उमेदवार अनुसूचित जातींचे, पण मतदार मात्र सर्व जातींचे. तो आमदार सगळ्यांचा असतो. राखीव जागेवर मत देताना पुष्कळांच्या तोंडी येतं, "आपला कुणी नाहीच, कुणालाही द्या, नाही तर घरी बसा." हे वाक्य ऐकू आलं की १९५४ ची ती दुसरी चिठ्ठी आठवा. तीही काहीजणांना अशीच 'आपली' वाटली नव्हती.

उमेदवार तोलून पाहा. प्रश्न विचारा. पटेल त्याला मत द्या, आणि कुणीच पटला नाही तर तसं नोंदवायचं बटणही २०१३ पासून यंत्रावर आहे, ते दाबा. पण घरी बसून मत कुजवू नका. कुजवलं असतं तर जिंकण्याची वाट मोकळी झाली असती, हे माहीत असूनही ज्याने कुजवायला सांगितलं नाही, असा एक उमेदवार आपल्या जिल्ह्याने पाहिलेला आहे.